वाघकाकांच्या पोटात दुखायचं

वाघकाकांना लोकांचा हेवा वाटत असे आणि ते तो लपवत नसत. कुणाची नवी गाडी, कुणाचं हिरवंगार लॉन, कुणाच्या मुलाचं प्रमोशन असं काही समोर आलं की बाकीचे लोक "वा, छान" म्हणत. वाघकाका म्हणत, "माझ्या पोटात दुखतंय." आवाज न चढवता, बाहेर किती थंडी आहे ते सांगावं तसं. सांगून झालं की त्या गोष्टीची बारीक चौकशी सुरू होई. कुठून घेतली, कुणी बसवली, काही खोट निघाली का. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या वस्तीत मराठी घरं बरीच होती आणि हेवा त्यातल्या बहुतेक घरांत होता. तो असा दारात आणून ठेवणारं घर एकच.

त्यांच्या पत्नी सुलभाकाकू. काकू पुण्याच्या, काका चंद्रपूरचे. काकांच्या पोटदुखीवर काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "ओवा देऊ का?" एका वास्तुशांतीला यजमानांनी नवा ओटा दाखवला, पांढऱ्या क्वार्ट्झचा, मध्ये करड्या शिरा. काका हात फिरवून म्हणाले, "पोटात दुखायला लागलं." यजमानांच्या आई नुकत्याच सांगलीहून आल्या होत्या. त्या खरोखर घाबरल्या आणि गरम पाणी आणायला निघाल्या. काकूंनी त्यांना थांबवलं. "बसा हो मावशी. तुमचा ओटा बघून दुखतंय. घरी गेलं की थांबेल." काका म्हणाले, "घरी आपला ओटा आहे. तो बघितला की आणखी दुखेल."

एका विजेच्या सामानाच्या कंपनीत ते टेस्टिंग इंजिनिअर होते. वस्तू मोडेपर्यंत वापरायची आणि कुठे मोडली ते लिहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी बेसमेंटमध्ये दगडाच्या तुकड्यांची चित्रं बनवायला घेतली. आमच्या भागात सतत कुणी ना कुणी स्वयंपाकघर नवं करत असे. आयटीतल्या माणसाला ग्रीन कार्ड मिळालं की पहिला खर्च स्वयंपाकघरावर होतो. ग्रॅनाइट, टाइल्स, बाथरूमचं मार्बल, उरलंसुरलं सगळं गराजमध्ये पडून राहतं. वाघकाका फोन करून येत, नवं स्वयंपाकघर पाहत, पोटात दुखतंय असं सांगत आणि तुकडे डिकीत भरून घेऊन जात. पिवळसर मार्बल मिळालं तर ते उजेडात धरून म्हणत, "हा वाघाच्या पोटाखालचा रंग." देणाऱ्याला आपल्या बाथरूमची जमीन पहिल्यांदाच नीट दिसे.

ते फक्त जंगली जनावरं करत, तीही रोमन पद्धतीची. शिकागोतल्या एका वस्तुसंग्रहालयात भिंतीवर उभा लावलेला, दगडी चित्रांच्या रोमन जमिनीचा एक तुकडा आहे. तो मूळचा उत्तर आफ्रिकेतल्या कुठल्यातरी श्रीमंत घरातला. त्यावर एक बिबट्या चालतो आहे. काका दर महिन्याला एकदा तिथे जात. मी समोरच्या घरात राहत होतो आणि शनिवारी रिकामा असे, त्यामुळे बऱ्याचदा गाडी मी चालवत असे. मी पूर्वी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. काकांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "अरे पेपरवाल्या, इकडे ये," ते म्हणत. "खांद्यापाशी बघ. तुकड्यांची रांग स्नायूच्या मागे मागे वळते. सरळ जात नाही. त्यामुळे चामडीखाली हाड आहे असं वाटतं." मग, "या माणसाचा मला जेवढा राग येतो तेवढा कुणाचाच येत नाही. लेकाने नावसुद्धा मागे ठेवलं नाही. नाव असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या."

सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा असा मत्सर मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. त्यावर काकांनी एक औषध शोधलं होतं. लायब्ररीतून आणलेल्या एका जाड पुस्तकात रोमन हत्तीचा फोटो होता. हत्तीच्या कातडीवरच्या सुरकुत्या दाखवायला कारागिराने सगळ्या अंगावर जाळं काढलं होतं, मासे धरायच्या जाळ्यासारखं. ते पान उघडलं की काकांचा चेहरा मोकळा होई. "यानं हत्ती लांबून पाहिलाय, नाहीतर कुणाकडून ऐकलाय. आपल्याकडचं शाळेतलं पोर याच्याहून बरा हत्ती काढेल." काकू स्वयंपाकघरातून विचारत, "हत्ती उघडलाय वाटतं? आज काय झालं?"

या चित्रांबद्दल त्यांचं एक मत होतं आणि ते कुणालाही ऐकवत. ही जनावरं जेवणघराच्या जमिनीवर असत. पाहुणे भिंतीच्या कडेने बाकांवर लवंडून जेवत आणि मधल्या मोकळ्या जागेत सिंह, बिबटे, अस्वलं, शहामृग. यजमानाने गावासाठी आखाड्यात जनावरांचे खेळ लावलेले असत. जनावरं मरून जात, खेळ विसरला जाई, म्हणून तो ते जमिनीत बसवून घेई. "पाहुण्याच्या पोटात दुखावं म्हणून केलेली चित्रं आहेत ही," काका म्हणत. "म्हणून एवढी चांगली केलीत. कुणाला बरं वाटावं म्हणून कोण एवढी मेहनत घेतं?"

एका मोठ्या रोमन जमिनीवर वाघीण आहे. शिकाऱ्याने तिचं पिल्लू पळवलंय आणि पाठलाग थांबावा म्हणून मागे काचेचा गोळा टाकलाय. गोळ्यात वाघिणीला स्वतःचंच लहान रूप दिसतं. ते पिल्लू समजून ती थांबते. काकांना ही युक्ती फार आवडे. एकदा ते ती जेवताना सांगत होते. काकू पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "तिला कळलं असणार. हुंगल्यावर कळतंच की."

"मग थांबली काहून?" काका चिडले की चंद्रपूर बाहेर येई.

"पिल्लू गेलं होतं. दुसरं काय करणार होती?"

काका पोळीचा तुकडा मोडत मला म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

काकांचे स्वतःचे वाघ चांगले नव्हते. हे सांगायला मला आनंद होत नाही, पण तसं होतं. त्यांनी लहानपणी चंद्रपूरजवळ मोहर्लीच्या जंगलातल्या रस्त्यावर खरा वाघ पाहिला होता, वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून. वाघाने रस्ता ओलांडला आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या वाघाचे पट्टे, कानामागचा पांढरा ठिपका, शेपटीचं टोक त्यांना तोंडपाठ होतं आणि ते सगळं त्यांच्या चित्रात अचूक येई. पण आलेख कागदावर आखून, रांगेत रांग लावून ते वाघ भरत, भिंतीला टाइल्स लावाव्यात तसा. रांग स्नायूमागे वळली पाहिजे हे ते मला समजावत आणि बेसमेंटमध्ये गेल्यावर त्यांची रांग सरळ जाई. हात आयुष्यभर पट्टीने आखत आला होता. त्यांच्या पुढच्या दारापाशी बसवलेल्या वाघाकडे पाहून काकू म्हणाल्या होत्या, "पासपोर्टच्या फोटोला उभा राहिलाय." काकांना ते लागलं, कारण ते खरं होतं. "रोमनांनी वाघ पाहिला तो पिंजऱ्यात, नाहीतर मरताना," ते एकदा परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले. "मी मोकळा पाहिला. तरी त्यांचा चालतो आणि माझा उभा राहतो."

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. बेसमेंट बंद. काकू एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेल्या. दिवाळीत महाराष्ट्र मंडळाच्या हॉलच्या दारात रांगोळी त्यांचीच असे. काका वर सोफ्यावर रेडिओ ऐकत असताना त्या खाली गेल्या. कापलेले तुकडे वाया जातायत म्हणून बसले, असं त्या पुढे सांगत. त्यांनी कागदावर काही आखलं नाही. डोळ्यापासून सुरुवात केली आणि रांगोळीचं बोट फिरतं तसं बाहेर बाहेर जात राहिल्या. डोळ्यातून गाल, गालातून मान, मानेतून खांदा. अंग झाल्यावर कडेने पांढऱ्या तुकड्यांची एक रांग बाह्यरेषा धरून लावली आणि मग बाकीची जागा भरली. तो बिबट्या होता. बिबट्याच का, असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाघाला काळे पट्टे सरळ कापावे लागतात. माझ्या मनगटांना पक्कड झेपत नाही. ठिपके फुटक्या तुकड्यांचे होतात."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काका खाली गेले. मी तेव्हा वर होतो, काकूंनी फोडणीचे पोहे केले होते. बऱ्याच वेळाने ते वर आले, हात धुतले, पोहे खाल्ले आणि बर्फ पडणार का असं मला विचारलं. काकूंनी नंतर मला बाजूला घेतलं. "ओवा काढून ठेवला होता रे मी," त्या म्हणाल्या. "काही बोललेच नाहीत."

तोपर्यंत मला वाटत असे की काका आपला हेवा बोलून दाखवतात म्हणजे तो खरा नसावा, सवय असावी. त्या दिवशी कळलं की बोलून दाखवण्याजोगा हेवा आणि न बोलता येणारा हेवा हे दोन वेगळे. दुसऱ्याच्या ओट्याचा पहिल्या प्रकारचा. बिबट्या त्यांनी उचलून वॉटर हीटरच्या मागे उभा केला आणि त्यावर जुनी चादर टाकली. धूळ बसू नये म्हणून, असं सांगितलं. काकूंनी चादर काढली नाही आणि पुन्हा काही करायलाही बसल्या नाहीत.

त्याच सुमाराला गावातल्या लायब्ररीने मुलांच्या खोलीत जमिनीत एक गोल चित्र बसवायचं ठरवलं. एखादं जनावर, गावातल्याच कुणीतरी केलेलं. काकांनी अर्ज केला. त्यांना काही एवढं हवंसं वाटलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. चाळीस वर्षं या देशात काढली, ते एकदा म्हणाले होते, पण इथल्या जमिनीत आपलं काही नाही. घर आहे, पण ते विकलं की दुसऱ्याचं. लायब्ररीची जमीन कुणी विकत नाही. तिथे आपला वाघ असावा, पोरांनी त्यावर उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी नवा वाघ केला. पुन्हा सरळ रांगांचा, पण त्यांच्या आजवरच्या वाघांत सर्वात चांगला.

लायब्ररीच्या बाई आणि त्यांच्याबरोबर दोघं जण चित्र पाहायला घरी आले. काकांनी ब्लेझर घातला होता. फोटो काढायला म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. पाहुण्यांनी वाघ पाहिला, पट्ट्यांचं कौतुक केलं, दगड कुठले ते विचारलं. काकांनी प्रत्येक दगडाचं घर सांगितलं. बाई निघता निघता हीटरपाशी थांबल्या. चादरीखालून एक पंजा आणि शेपटीचं टोक दिसत होतं.

"अँड धिस वन?"

चादर काकांनीच काढली. तो सरकवून ठेवणं, जुनं काहीतरी आहे म्हणणं सोपं होतं. आम्ही जिन्यापाशी उभे होतो, काकूंनी हातातला ट्रे घट्ट धरला होता. बिबट्या हीटरच्या मागून चालत बाहेर येतोय असं वाटलं. काका म्हणाले, "दॅट इज माय वाइफ्स." आणि बाजूला झाले.

लायब्ररीला बिबट्या हवा होता, तोच, पण तिप्पट मोठा. काकूंनी नाही म्हणून कळवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुकडे कोण कापणार? माझी मनगटं गेलीत. आणि मला या घरात राहायचंय. जमिनीशी नाही बोलायचं, यांच्याशी बोलायचंय." अ‍ॅशबर्नला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने फोन केला. "आई, इट्स अ ह्यूज थिंग, तू कर ना. बाबांचं काय, ते विसरतील." काकू म्हणाल्या, "तुझे बाबा पहिलीत कुणाला पेन्सिल मिळाली होती तेही विसरलेले नाहीत."

त्या दिवसांत काका फिरायला येईनासे झाले. मी खिडकीतून त्यांना पाहत असे. बर्फ काढून झालेला ड्राइव्हवे ते पुन्हा काढत.

एके दिवशी दुपारी काकूंनी मला फोन करून बोलावलं आणि खाली नेलं. बाकावर घरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत कापलेले तुकडे होते. गडद तपकिरी, फिका तपकिरी, काळा, पिवळसर, पांढरा. काकांचे नेहमीचे चौकोन नव्हते. एक बाजू रुंद, एक अरुंद, वळणावर बसतील असे. डोळ्यासाठी तांदळाएवढे. "बघ," काकू म्हणाल्या. "मी कुठे कसा वळवते ते यांना ठाऊक आहे. म्हणजे मी नसताना चादर काढून बघत होते." मग वर तोंड करून ओरडल्या, "अहो, आमटीला वाटी उरली नाही घरात."

वरून उत्तर आलं, "कपात घे."

काकूंनी लायब्ररीला होकार कळवला. कामाला अख्खा हिवाळा लागला. काकू जाळीच्या कापडावर तुकडे चिकटवत, काका शेजारी स्टुलावर बसून कापत आणि नावं ठेवत. "डोळा वर गेलाय." "मागचा पाय लंगडतोय त्याचा." "ही मान आहे की गॅसची नळी?" काकू म्हणत, "तुमचा वाघ बघा आधी, अजून फोटोग्राफरची वाट बघतोय." मग चष्मा काढून, लांब जाऊन पाहत आणि निमूटपणे चिमट्याने तुकडे उपटत. काकांचं म्हणणं प्रत्येक वेळी बरोबर निघे. तक्रार करायला त्यांना बारकाईने पाहावं लागत असे आणि ते तसं पाहत. आम्ही बाकीचे जिन्यावरून उतरलो की "काकू, किती सुंदर" म्हणत असू. काकू थँक्यू म्हणत आणि पुन्हा काकांकडे बघत.

चित्र न्यायला लायब्ररीची गाडी यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी मी ते उचलायला सोपं पडावं म्हणून मदतीला गेलो होतो. सगळं भरून झालं होतं. काकू हात पुसत होत्या. काका स्टुलावरून उठले नाहीत.

"सुलभा, पायाखाली सावली नाही."

"कसली सावली?"

"रोमन लोक प्रत्येक पायाखाली एक गडद पट्टी टाकतात. जमिनीवरची सावली. ती नसली की जनावर चालत नाही, तरंगतं. हा तरंगतोय."

आम्ही पाहिलं. एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसेना. बिबट्याचे चारही पाय पांढऱ्यावर लटकत होते. दारातल्या पासपोर्टवाल्या वाघालासुद्धा सावली होती हे मला तेव्हा आठवलं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"तो हीटरच्या मागे होता तेव्हापासून."

"आणि आज सांगताय."

"आज सांगतोय," काका म्हणाले. "उद्याही सांगणार नव्हतो. ठरवलं होतं तसं."

काकू वर गेल्या. परत आल्या त्या चहाचे दोन कप घेऊन. एक त्यांनी मला दिला, एक स्वतः घेतला. काका तोपर्यंत गुडघे टेकून पुढच्या पायाखालचे पांढरे तुकडे पटाशीने काढायला लागले होते. काकूंनी चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाल्या, "करडा वापरा, काळा फार होईल. आणि लावा तुम्हीच. सरळ रेघ तुम्हाला येते."

त्यांनी लावल्या. चार आडव्या पट्ट्या, बोटभर रुंद, पट्टीने आखल्यासारख्या. शेवटची बसली तेव्हा बिबट्या जमिनीवर उतरला.

चित्र बसलं त्या दिवशी लायब्ररीत बरीच माणसं होती. शेजारी भिंतीवर काकूंच्या नावाची पाटी होती. काकांचं नाव त्यात घालावं असं काकूंनी सुचवलं होतं, काकांनीच नको म्हणून सांगितलं. "कापणाऱ्याचं नाव कुठल्या रोमन जमिनीवर आहे?" एका गोऱ्या बाईने चुकून त्यांचंच अभिनंदन केलं. काका म्हणाले, "नो, नो. हर्स. आय कट द स्टोन्स. आय अ‍ॅम व्हेरी जेलस." बाई मनापासून हसल्या, त्यांना तो विनोद वाटला. एक लहान मुलगी पोटावर पालथी पडून ठिपक्यांवरून बोट फिरवत होती. दोन मुलगे बिबट्याच्या पायांवर पाय ठेवून चालायचा प्रयत्न करत होते. काका त्यांच्या बुटांकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "पेपरवाल्या, माझ्या पोटात दुखतंय." काकूंनी ऐकलं असावं. त्या मुलांचे फोटो काढत होत्या, त्यांनी मान वळवली नाही, पण हसल्या.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. हृदयविकाराचा झटका, सकाळी, घरातच. शोकसभेत मंडळाच्या लोकांनी नेहमीसारखं बोलून दाखवलं. मोठ्या मनाचा माणूस, कुणाचं कधी वाईट चिंतलं नाही, दुसऱ्याच्या आनंदात आनंद. काकू पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. बाहेर पार्किंगमध्ये येताना त्या मला म्हणाल्या, "मोठ्या मनाचे कसले? चांगले कोत्या मनाचे होते. मोठ्या मनाची माणसं मी आत्ता तासभर ऐकली. त्यातल्या एकानेही तो बिबट्या धड पाहिलेला नाही."

मुलगा त्यांना अ‍ॅशबर्नला न्यायला तयार होता. उन्हाळ्यात घर विकायला काढलं. त्याच्या आधी एकदा काकूंनी मला बोलावलं आणि खाली नेलं. काकांनी कापून ठेवलेल्या आणि उरलेल्या तुकड्यांचा त्यांनी एक ससा केला होता. पळणारा, मागे वळून बघणारा.

"पेपरात चुका काढायचास ना?" त्या म्हणाल्या. "काढ."

मी पाहिलं. कान, पाठ, मागचे पाय, वळलेली मान. सगळं जागच्या जागी होतं.

"छान झालाय, काकू."

"छान," त्या म्हणाल्या आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. "छान झालेला नाही. कुठेतरी बिघडलाय. मला दिसत नाही, तुला दिसत नाही. त्यांना इथून दिसलं असतं, या पायरीवरून. आणि त्यांनी सांगितलं नसतं, चार दिवस."

वर मुलगा कुणाशी तरी फोनवर घराबद्दल बोलत होता. काकू उठायला तयार नव्हत्या. मी गुडघे टेकून खाली बसलो आणि सशाच्या डोळ्यापासून पुन्हा पाहायला लागलो.